लहान लेकरू, सुखानं सुटका

तात्यापारा, रायपूर
१२ जानेवारी

माझी लाडकी साक्षी,

तुले ताईचा खूप खूप पापा. गोंदियात थंडी कशी आहे? इकडं सकाळी पाण्यात हात घालवत नाही. तुझ्या अभिनवरावांची बदली टळली, ऐकून बरं वाटलं. माझ्या सासूबाई अन् तुझे भाऊजी शेखर बरे आहेत.

आता तुले दिवस गेलेत, तू दोन्ही वेळा नीट जेवतेस ना? वांती झाली तरी थोड्या वेळानं पुन्हा खा. वरण, अंडं, लाल भाजी, शेंगदाणे, जे पोटात टिकेल ते. रक्ताची गोळी सोडू नको.

काहून इतकं सांगून राहिली, विचारशील. फोनवर मी 'आराम चालू आहे' म्हणाली, ते खोटं होतं. माझं बाळंतपण झालं, साक्षी. मागच्या सोमवारी. महिनाभर आधीच. पोट्टी झाली. शेखरच्या दोन तळहातांत मावते. माहेरी आईलेही सांगितलं नाही, तिचा बीपी वाढेल.

सासूबाई माझ्या ताटातलं कमी करायच्या. दुष्टपणानं नाही गं. त्यांची बहीण कलावती पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळ मोठं होतं, अडलं. म्हणून म्हणायच्या, "कमी खा. लेकरू लहान राहीन, तर सुखानं सुटशील." त्यांचे डोळे पाहून मलेही भीती वाटायची. डॉक्टर म्हणतात, बाळंतपण असं लवकर एकाच कारणानं होत नाही. पण माझं रक्त फार कमी होतं, वजनही वाढलं नव्हतं.

आम्ही अजून दवाखान्यातच आहो. काल सिस्टर म्हणाली, "बच्ची को छाती से लगाकर रखना है, इसी से गरमी मिलेगी." मी तापानं फणफणली होती, म्हणून तीच पुढं म्हणाली, "दादी भी रख सकती है."

माझ्यासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या सासूबाईंनी ब्लाउजच्या गुंड्या सोडल्या अन् पोरीले छातीशी घेतलं. मधेच ती श्वास घ्यायची थांबली. ओठ निळे पडले. सासूबाई तिची पाठ चोळत ओरडल्या, "सिस्टर!" सिस्टर धावत आली, तळपायावर टिचकी मारली. पोरगी कण्हली.

सिस्टर गेल्यावर सासूबाई हळूच बोलल्या, "रूपाली, माझ्यानं झालं का गं हे?"

मी हात लांबवून पोरीचं टोपडं सारखं केलं.

आज तिनं चमच्यानं थोडं दूध गिळलं. तरी घरी कधी नेता येईल, डॉक्टर सांगत नाहीत. माझा डोळा लागत नाही, तिची छाती हलते का तेच पाहून राहते. पत्र लिहिताना सासूबाई म्हणाल्या, "साक्षीले लिही, माझं 'कमी खा' ऐकलं असशील तर विसर म्हणावं."

नाव ठेवलं नाही अजून. विषय काढला की शेखर उठून बाहेर जातात, अन् मले बरंच वाटते. नाव ठेवलं तर हाक मारावी लागेल, अन् तिनं ओ दिली नाही तर?

तू मनात एखादं ठरवून ठेव. आत्ता सांगू नको.

तुझी ताई,
अन् तिच्या छातीशी झोपलेली तुझी भाची