वावरातला जवान

बाळापूर
१८ डिसेंबर २०२४

चि. दामिनीले तुह्या आजीचा, मनकर्णाचा, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. इकडं आमी सारे जिते हाओ, तिकडं तू जेवून-खाऊन असशीन असं धरून चालतो.

जवारी निघाली. मेथीले भाव नाई, वांग्याले कीड हाय, तुह्या बापाचे गुडघे दुखते. हे झालं नेहमीचं. नवं हे का, दिवाळीनंतर सरकारी माणसं गाडी घेऊन आले अन् गावात चार बुजगावणे देऊन गेले. एक आपल्या वावरात. फौजेचा शर्ट, फौजेची टोपी, पोट कापसानं टम्म. उभं ठेवा, हात लावू नोका म्हणे. मी म्हटलं, बुजगावण्याले काय सोवळं असते?

आता आपल्या घरची रीत तुले ठाऊक हाय. वावर रिकामं झालं का राखणदाराले तिथं एकटं सोडत नाई. घरी आणतो, निवद दाखवतो, मंग कपडे उतरवून लाकडं चुलीत. तुह्या बापानं सरकारी बुजगावणंही बैलबंडीत घालून आणलं. निवद झाला. पण तुही माय कपडे उतरवू देईना. म्हणे, याचा डावा खांदा पाहा, आपल्या कुलदीपसारखाच उतरता हाय. तवापासून ते ओट्यावर बसलं हाय अन् आमची सून गंगूबाई त्याच्यापुढं रोज ताट ठेवते. ताट मंग कुत्रं खाते.

तुह्या भावाचं, कुलदीपचं, फौजेतून पत्र दसऱ्यापासून नाई. तुह्याकडं आलं असन तं कळवजो. मी कोणाले रडत बसत नाई, पण पोस्टमन दिसला का तुही माय चूल सोडून पळते अन् भाकर मले करपलेली खा लागते.

गावात एका पोट्ट्याकडं बिनतारी डब्बा सापडला. त्याच्या बापानं विहिरीत फेकला, अन् पोट्ट्यालेही फेकत होता. आताच्या लेकरायले भेव नाई. पंच्याऐंशीच्या लढाईत दुश्मनाच्या पहिल्या घारी आल्या तवा मी डोळ्यानं पाहिलं हाय. इमान म्हणावं तं इमान नाई, आत माणूस नाई. जिथं यंत्र हवेतून बोललं तिथंच घार उतरायची अन् फुटायची. रेडिओचा खांब गेला, खांबाखालचं घर गेलं, घरातली पाच माणसं गेली. तवापासून सरकारनं हवेतलं बोलणं बंद केलं ते बंदच.

थंडी हाय, कानाले बांधत जाजो. माया ठेवजो, नाई ठेवली तरी मी लिहिनच.
तुही आजी


नांदगाव पेठ, अमरावती
२६ डिसेंबर २०२४

ती. आजीस दामिनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज हातात पडलं. तपासणीवाल्यांनी फोडून, वाचून, परत चिकटवून दिलं, त्यातच आठवडा गेला. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. देवमनकाका संत्र्याची गाडी घेऊन अकोल्याला निघाले आहेत, ते वाट वाकडी करून बाळापूरला येतील. वाचून झालं की चुलीत टाक.

आजी, ते बुजगावणं घरात ठेवू नका. आजच्या आज वावरात नेऊन उभं करा आणि तिथून लांब राहा.

आमच्या गिरणीत आधी साड्या विणायच्या, हे तुला माहीत आहे. दोन वर्षांपासून आम्ही हेच कापडी जवान शिवतो. आम्ही फक्त कपडे अन् कापूस भरतो. आत काय बसवतात ते आम्हाला दाखवत नाहीत. पण शिलाईवरच्या साधनाताईंचा भाऊ त्या कामावर आहे. पोटात डबा असतो. ठरलेल्या दिवशी तो आपोआप हवेत बोलायला लागतो, म्हणजे घारी खऱ्या फौजेवर न जाता रिकाम्या वावरात उतरतात. आपल्याकडचे डबे सोमवती अमावस्येला, ३० तारखेला, दुपारी बोलणार आहेत. गावाला आधी सांगत नाहीत, बातमी फुटेल म्हणून. वावरातलं बुजगावणं कोणी घरी आणून त्याला निवद दाखवेल, हे त्यांच्या डोक्यात कुठून येणार?

आईचं चुकलेलं नाही, आजी. नमुना कापायला साधनाताईंनी एका जवानाचं माप मागितलं. मला एकाचंच तोंडपाठ होतं. कुलदीपदादाचे शर्ट मीच शिवायची, बंडीवरून पडल्यापासून त्याचा डावा खांदा उतरताच कापायची. हात तसाच चालला. नंतर त्याच नमुन्यावर हजारो निघाले.

माझ्या खोलीतली प्रणाली म्हणते, पंच्याऐंशीची लढाई झालीच नसती, तर आज माणसागणिक खिशात मावेल एवढा फोन असता. मी हसायची तिला. आज हसू येत नाही. तसं असतं तर तुला आत्ता, या क्षणी सांगितलं असतं.

दादाचं पत्र माझ्याकडेही नाही. आईला हे कसं सांगायचं ते तूच ठरव. पोचल्याचं लगेच कळव, माझा जीव तुमच्या ओट्यावर अडकला आहे.
तुझी दामिनी


बाळापूर
२८ डिसेंबर २०२४

चि. दामिनीले आजीचा आशीर्वाद.

तुह्या पत्राची वाट पाहून हेच पहिले लिहून टाकतो. गारठा लई वाढला. म्हणून तुह्या मायनं त्या सरकारी पाव्हण्याले ओट्यावरून उचलून आतल्या खोलीत नेलं, माह्या खाटीजवळ. माहीच घोंगडी त्याले पांघरली. मी कुडकुडली तं कुडकुडली. बोलली तिले, तं म्हणे, तुमी घोरता तवा तो तक्रार करत नाई. सून आता उलटून बोलून राहिली, म्हणजे तब्येत बरी असन.

दोन दिवसापासून तिचं जेवणही जरा सुधरलं. म्हणून मी बोलत नाई. कापसाच्या बोचक्यानं जर माणूस दोन घास खात असन तं बसू द्या बोचक्याले. अमावस्या झाली का काढतो, असं तुह्या बापाले सांगून ठेवलं.

पत्राले आळस करू नोको.
तुही आजी


नांदगाव पेठ
३१ डिसेंबर २०२४

ती. आजीस सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी इथे सांगितलं की अकोल्याच्या बाजूला घारी उतरल्या. कुठल्या गावात, ते कोणी बोलत नाही. देवमनकाका परत आलेले नाहीत. तुझं २८ तारखेचं पत्र आत्ताच आलं, या वेळी का कोण जाणे लवकर सोडलं. त्यात तू खाटेजवळचं लिहिलं आहेस.

आजी, काही लिहू नकोस. कोऱ्या कार्डावर नुसता अंगठा उठवून पाठव.
दामिनी


बाळापूर
१ जानेवारी २०२५

चि. दामिनीले आजीचा आशीर्वाद.

अंगठा काहून उठवू? दुसरी पास हाओ मी. तुही चिठ्ठी संत्र्याच्या दुसऱ्या गाडीवाल्यानं आज हाती दिली, हे पत्रही त्याच्याच हाती देतो, टपालात नाई. घरचे सारे शाबूत हाये, हे आधी वाच अन् मंग बसून पुढचं वाच.

देवमनले मूर्तिजापूरच्या नाक्यावर अडकवून ठेवलं होतं. तो आला सोमवारी सकाळी, न्याहारीच्या वेळी. तुहा बाप भाजी घेऊन अकोल्याले गेलता. मी पत्र अक्षर अक्षर लावून वाचलं. देवमनले म्हटलं, तू थांबू नोको, तुह्या घरी लेकरं हाये. चुलीत पत्र टाकलं अन् तुह्या मायले सारं सांगतलं. गोड करून सांगाले मले येत नाई.

ती खोलीच्या दारात आडवी झाली. आवाज चढवला नाई. म्हणे, "एक डाव दिलं पोरगं सरकारले. आता दुसऱ्यांदा देत नाई."

तिले ओढाची ताकत माह्या हातात नाई. अन् ताकत असती तरी काय होतं? मी बाजूले खाली बसली. म्हटलं, "गंगू, शर्ट तुह्या पोराच्या मापाचा हाय, तो तू ठेव. आतला कापूस सरकारचा हाय, तो दे."

उन्ह ओट्यावर चढून राहिलं होतं. मंग ती उठली. गुंड्या तिनंच काढल्या, झोपेतल्या लेकराच्या काढते तशा, एक बाही, मंग दुसरी. मी दात खाऊन पाहत बसली. खालून पांढरं बोचकं निघालं, त्याले ना खांदा ना मान. हात लावला तं पोटात गरम लागलं. बोललं नव्हतं अजून, पण जागं झालतं.

आमी दोघी बायांनी बंडी जुपली. तुही माय बैलायजवळ, मी मागं त्या नागड्याले धरून. वावरात ढकललं, उभंही केलं नाई. वापस फिरलो, नाल्यापाशी आलो तवा बैल थबकले. वर पाहिलं तं घार. आवाज नाई, सावली तेवढी आमच्या बंडीवरून सरकली. मी तुह्या मायचं डोकं दाबून नाल्यात घातलं, बैल सुटले. मंग जमीन हालली.

वावराचा वरचा कोपरा गेला, विहिरीचं तोंड बुजलं, नत्थुजीचा आंबा जळला. बैल रात्री आपले आपण घरी आले. माह्या डाव्या कानानं आयकू येत नाई, त्याचं मले सुखच हाय, तुहा बाप त्याच बाजूनं बोलते. गावात आणखी तीन आवाज झाले. बाकीच्या तीन वावरातले. तुही माय दर आवाजाले शर्ट छातीशी धरे. मले तवा समजलं, चारही वावरात एकच पोरगा उभा होता.

काल सरकारी माणूस पंचनाम्याले आला. म्हणे बुजगावण्याच्या कपड्याची एक चिंधी कशी सापडली नाई? म्हटलं, त्याले लाज नव्हती म्हणून नागडं गेलं, तुमाले असन तं विहीर उपसून द्या. लिहून घेतलं त्यानं. काय लिहिलं देव जाणे.

खिशातल्या फोनचं त्या प्रणालीले सांगजो, असता तरी तू आजीले फोन केला नसता, उद्या होईन त्या नवऱ्याले केला असता. पण सोमवारी सकाळी मले तो पाहिजे होता, हे तिले सांगू नोको.

कुलदीपचं पत्र नाई. शर्ट खुंटीवर हाय, तुही माय त्याले ताट ठेवत नाई, आपलं ताट घेऊन त्याच्यासमोर बसते. जेवते.

आता कामाचं. त्या नमुन्याचा कागद साधनाबाईकडून मागून घेजो अन् फाडजो. नवा काप. दोन्ही खांदे सरळ काप, काटकोनात, दाराच्या चौकटीसारखे. सरळ खांद्याचा माणूस कोणाचाच नसते, त्याले कोणी घरी आणत नाई.

कान बांधत जाजो. तुहे दोन्ही शाबूत हाये, तं आजीचं आयकत जाजो.
तुही आजी, मनकर्णा