सुनंदाच्या कपाळावरची तुमची आठी

आवो सुनंदाचे दादा,

तुम्ही होता तेव्हा तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. चौथीतलं अक्षर हाय, चालवून घ्या. झालंय काय तेच मला कळेना, आणि ज्याला विचारावं तो भिंतीवर फोटोत कोट घालून बसलाय. म्हणून लिहिते.

लेकीनं कपाळात सुया टोचून घेतल्या. सुरकुत्यांचं इंजेक्शन म्हणे. दुखणं नाही खुपणं नाही, तरी दवाखाना!

तिच्या दोन भुवयांमधली उभी आठी आठवते ना? तुमचीच ती. बाजारात शेळीचा ओठ उचलून दात बघताना तुम्ही डोळे बारीक करायचात, ती जन्मभराची पडली. लेकीनं एक शेळी विकली नाही, पण आठी आयती मिळाली. शिर्डीला लॉजच्या काउंटरवर बसते, तर येणारी माणसं विचारतात, ताई, रागावलात का?

मी म्हणाले, व्हय म्हणून सांग, नीट वागतील. ऐकते कुठं.

मग सोबत मीच गेले नगरला. डॉक्टरीणबाईंचं कपाळ घासलेल्या ताटासारखं. ह्यात भरता काय, म्हणून विचारलं. भरत काही नाही म्हणाल्या, आठी पाडणारा स्नायू औषधानं काही महिने निजवतात. गुण चार-आठ दिवसांनी दिसायला लागतो, पुरता दिसायला पंधरवडा. डोकं दुखेल, टोचल्या जागी काळंनिळं होईल. क्वचित एखादीची पापणी खाली येते, ती काही आठवड्यांनी उठते. गिळायला नाहीतर श्वासाला त्रास झाला तर मात्र तडक दवाखाना गाठायचा. आणि तीन-चार महिन्यांनी औषध उतरतं, आठी परत येते.

"परत येनार हाय तर काढायची कशाला?"

"आजी, केस उद्या पुन्हा विस्कटणारच, तरी आज विंचरलेतच ना?"

तुम्ही असता तर माझं तोंड बंद करणारी भेटली म्हणून बाईंच्या पाया पडला असता.

कपाळ चोळायचं नाही, चार तास आडवं पडायचं नाही, एवढं बजावून सोडलं. सुनंदा एसटीत बसली की लवंडते. तिला जागं ठेवायला तिसगाव येईपर्यंत गावातली सगळी भांडणं सांगितली. ती संपली तेव्हा दोन नवीन लावली.

पंधरवड्यानं आली तर कपाळ सपाट. नातीला रागवायला गेली, नात फिदीफिदी हसते! मलाही हसू आलं, आणि हसता हसताच उठले. तुमच्या फोटोपुढे जाऊन उभी राहिले. पाथर्डीच्या फोटोवाल्यानं तुम्हाला मोठं करताना कोट घातला, गोरं केलं आणि कपाळ पुसून काढलं. म्हणजे तुमची आठी उरली होती ती लेकीच्या कपाळावर, आणि मी तिकीट काढून तीच घालवून आले. शहाणी म्हणायचं का मला?

सुनंदाला तोडूनच बोलले, बापाची एवढी खूण होती, तीही नको झाली का तुला.

ती म्हणाली, "आई, आरशात बघितलं की दादा माझ्यावर रागावलेत असं वाटायचं. ते गेल्यापासून रोज."

आवो, तुम्ही कधी रागावला होता तिच्यावर? मला तर आठवत नाही. मग तिनं हे कुठून आणलं? तोंडानं चार गोड शब्द बोलला असता तर काय शेळ्या पळून जाणार होत्या?

मी सांगितलं तिला, बाई, ती रागाची आठी न्हाई, शेळीच्या दातांची हाय. तिचं कपाळ हलेना, त्यामुळे पटलं की नाही तेही कळेना. डोळ्यांत पाणी मात्र आलं. ते काही औषधानं निजत नाही वाटतं.

दात बघून वय सांगायचात ना? आता लेकीचं सांगून दाखवा.

पुन्हा टोचायचं की नाही ते तिचं ती बघेल. मी व्हय म्हणणार नाही आणि नको म्हणणार नाही, कारण मला काय वाटतं तेच मला उमगेना. पण तुम्हाला एक शब्द देते. येत्या बाजारच्या दिवशी तुम्हाला भिंतीवरून उतरवून पाथर्डीला नेते आणि फोटोवाल्याच्या पुढ्यात बसून आठी परत पाडून घेते. कोट राहू दे, त्यात बरे दिसता. आठी कशी होती म्हणून विचारलं, तर दाखवायला सुनंदाचा जुना फोटो नेईन.

तुमची,
सुनंदाची आई