तलावातला शेवट

सानगडी, ता. १४-९-१९८१

चि. मालन हिस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल लिहिलं तर खोटं होईल.

पोळ्यापासून पावसाचा थेंब नाही. धान पोटरीवर आहे आणि शेतातल्या बांध्यांना भेगा पडून राहिल्या. तुझ्या सिनेमासाठी तलाव दसऱ्यापर्यंत भरलेला ठेवीन, असा शब्द मी उन्हाळ्यात दिला. गावाचा पाणकर मी, तलावाचं पाणी पाटात सोडायचा, पाण्याखालचा तुडुमाचा खुंटा माझ्याशिवाय कोणी काढत नाही, म्हणून मोठ्या तोऱ्यात बोललो. आता शेवटच्या बांधीचा गोमाजी रोज दारात येऊन बसते. म्हणते, तुझी बहीण पडद्यावर मरणार म्हणून आमचं धान काहून मारतं?

तुझ्या मागच्या सिनेमात तुले त्या घोड्याएवढ्या हिरोची माय केली म्हणून तुझी शकुनवहिनी अजून शिव्या देऊन राहिली. लवकर ये, नाही तर मले शब्दातून मोकळं कर. प्रकृतीले जप, हे आशीर्वाद.
तुझा दादा, जागेश्वर

मुंबई, ता. १९-९-८१

ती. दादास मालनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

वहिनीच्या शिव्या पोचल्या, गोड लागल्या. पण दादा, तुले शब्दातून मोकळं कसं करू? वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या इशाऱ्यावर रडले, हसले, मेले. बेचाळिशीत पहिल्यांदा कॅमेऱ्यामागे माझा शब्द चालून राहिला आहे. सिनेमाचा शेवटच भरल्या तलावात आहे. गावाने टाकलेली बाई, तेही काम माझंच, पाण्यात उतरते आणि तिच्यामागे कोणी येत नाही. चिखलात ती काय बुडणार? निर्माते मोतीलालशेठ बजावून बसले आहेत, शेवट चुकला तर सिनेमा दुसऱ्या दिग्दर्शकाकडे जाईल.

मंडईच्या जत्रेतल्या नाटकात काम केलं म्हणून बाबांनी मले घराबाहेर काढलं, तेव्हा तू ओसरीवरून उठला नव्हतास. त्याचा राग नाही. पण या वेळी तरी माझ्या बाजूने उभा राहा. दसऱ्यापर्यंत थांब, एवढीच भीक. वहिनीस नमस्कार, लोभ कमी होऊ देऊ नये.
तुझी मालन

सानगडी, ता. २५-९-८१

चि. मालनला आशीर्वाद.

काल देवळात सभा झाली. मले पाणकरकीवरून काढायचं चाललं आहे. शकुनशी विहिरीवर बाया बोलत नाहीत. गोमाजीने माझं बखोट धरलं, चार लोक मधात पडले म्हणून वाचलो. मी काठी घेऊन तलावाच्या पाळीवर बसून राहिलो आहे, आपल्याच गावाविरुद्ध. असा दिवस वैऱ्यावरही येऊ नये.

ओसरीवरून उठलो नव्हतो, खरं आहे. म्हणून आता पाळीवरून उठत नाही. पण धानाले हे कोण सांगणार? लोंब निसवायच्या वेळी पाणी नाही मिळालं तर हाती नुसता फोल. लेकरं खाणार काय? शब्द मी मोडणार नाही, मालन. मोडायचा तर तूच मोड.
दादा

तार. मुंबई, ता. २९-९-८१

आज निघते. सोबत फक्त कॅमेरावाले आनंदराव. येताच पाणी सोडू. खुंटा मीच काढीन. त्याच बुडीत शेवट टिपू. मालन.

सानगडी, ता. ७-१०-८१

चि. मालन हिस आशीर्वाद.

पोरी, तुले अक्कल आहे का नाही? तू वाचलीस तेव्हा मी लेकरासारखा रडलो, म्हणून तुझ्या परतीच्या गाडीपर्यंत रागावता आलं नाही. आता रागावतो. लहानपणी माझ्यासंग बुड्या मारायचीस म्हणून तुले खाली जाऊ दिलं. खुंटा निघाला, पाणी पाटात धावलं, सारं गाव ओरडलं, आणि तू वर येईना! पदर तुडुमाच्या भोकात अडकला हे मले काय माहीत? धोतरासकट उडी मारली. तुले केसाले धरून वर काढलं, तर तो आनंदराव माझ्यावरच खेकसला. म्हणे, म्हाताऱ्याने शेवटाचा सत्यानाश केला. बाई मरून राहिली आणि याले शेवटाची पडली!

शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचलं. गोमाजी काल येऊन चहा पिऊन गेला. चांगले दोन कप प्याला.

तुझा सिनेमा माझ्या पायी बुडाला असेल तर खरं ते लिही. मले झोप नाही.
दादा

मुंबई, ता. १८-१०-८१

ती. दादास सा. न.

परवा शेवटाचं रीळ धुऊन आलं. मोतीलालशेठ म्हणाले, हा धोतरवाला कोण? गोष्टीत तर बाईले कोणीच नाही. कापा त्याले. मी म्हटलं, त्याले कापायचं तर आधी मले काढा. आज शेठ म्हणाले, ठेवा तुमचा धोतरवाला.

दादा, गोष्ट मीच लिहिली होती. अशा बाईमागे कोणी पाण्यात उतरत नाही, असंच मले वाटे. कोणी उतरलेलं मी पाहिलंच नव्हतं. पाण्याखाली असल्यामुळे त्या दिवशीही दिसलं नाही. परवा पडद्यावर दिसलं. लोकांना ढकलून तू धावत येतोस, पागोटं पडतं, आणि तुझं तोंड भीतीनं पांढरंफटक झालेलं आहे. साऱ्या युनिटसमोर मी हमसून हमसून रडले.

सिनेमातल्या नावांच्या पाटीवर तुझं नाव घालायचं आहे. नुसतं जागेश्वर लिहू की आडनावासकट, ते उलट टपाली कळव. वहिनीस नमस्कार. लोभ आहे, तो असाच राहू दे.
तुझी मालन