लोटन आबांचं रिव्हॉल्व्हर

२ डिसेंबर
आजपासून रोजनिशी. हातात शस्त्र आलं की माणसाच्या आयुष्यात शिस्त यायला हवी.

रिव्हॉल्व्हर घरी आलं. लायसन्स, परवानगी, नोंद, सगळं रीतसर. गावातल्या कै. लोटन आबांचं, त्यांच्या घरून विकत घेतलेलं. अख्ख्या ब्राह्मणपुरीत असं दुसरं नाही, शहाद्यातही नसावं. विलायती, इंग्रजांच्या काळातलं, मधून मोडून गोळ्या भरायचं. आबांनी मुठीच्या मूळच्या पट्ट्या काढून सागाच्या बसवून घेतल्या आणि त्यावर मोर कोरून घेतला. असा बदल केला की वस्तूची किंमत उतरते, असं इंटरनेटवर म्हणतात. मला मोर आवडला.

चाप ओढला की गोळीवर आपटतो तो घोडाही वेगळाच. फोटोतल्या रिव्हॉल्व्हरांच्या घोड्याला पुढे चोचीसारखं टोक दिसतं. याचा अगदी सपाट, गुळगुळीत. फारच दुर्मिळ मॉडेल असणार.

दीपमालाला दाखवलं. तिने विचारलं, हे कुठे ठेवायचं, देवघरात की फ्रिजवर. बायकोला अँटिक वस्तूची कदर नाही. हरकत नाही, येईल.

४ डिसेंबर
शर्टाखाली कंबरेला लावून शहाद्याला गेलो. एसटी स्टँडवर चहा. शर्ट जरा वर जावा म्हणून हात उंच करून घड्याळ बघितलं. कोणाचं लक्ष नाही. परत बघितलं. चहावाल्याने विचारलं, आप्पा, कंबर धरली का?

उद्यापासून पाचला उठून व्यायाम.

७ डिसेंबर
माझ्या उसाला साखर कारखान्याची तोड आली. टोळी सातपुड्यातली, मुकादम धनसिंग. ट्रॅक्टरमधून उतरले, बांधावर गेले आणि बिबट्याच्या पंजांचे ठसे बघून कोयते खाली ठेवले. धनसिंग म्हणाला, जनावर आत आहे, आम्ही दुसऱ्याच्या उसात जातो. आता तोड हुकली तर माझा नंबर थेट हंगामाच्या शेवटी. तोपर्यंत उसाचं सरपण.

वनखात्याला फोन केला. पिंजरा सध्या दुसऱ्या गावी लावलाय, मोकळा झाला की आणू म्हणाले.

मग मी शर्ट वर केला. या वेळी सगळ्यांनी बघितलं. म्हणालो, शेवटचा ऊस पडेपर्यंत हा हेमकांत बांधावर बसेल. धनसिंग मोराकडे बघत राहिला. मग म्हणाला, आप्पा बसतो तर आमी तोडतो.

काही माणसं जन्मतःच लीडर असतात.

८ डिसेंबर
बांधावर निंबाखाली खाट टाकली. गॉगल घातला.

धनसिंगची बायको कालीबाई. तिची तान्ही मुलगी, रविना. कालीबाई आली आणि काही न विचारता झोळी माझ्या खाटेच्या उशाशी निंबाच्या फांदीला बांधली. म्हणाली, बंदूकवाल्या बाबापाशी ठेवते. दुसरीकडं ठेवली तर कोयता चालत नाही, जीव सारा इकडं राहतो.

छाती फुगली. शस्त्रधारी माणसाने झोळी हलवणं बरं दिसत नाही. कोणी बघत नसताना पायाने हलवली.

९ डिसेंबर
रविनाने माझा गॉगल चघळला. एरवी शांतता. बिबट्याने रिव्हॉल्व्हरचा धसका घेतलेला दिसतो.

११ डिसेंबर
कौसाबाई काकू, म्हणजे लोटन आबांच्या मंडळी, शेतात जाताना बांधावर थांबल्या. आधी खाट बघितली, मग गॉगल. विचारलं, काय करी ऱ्हायना रे हेमकांत? राखण, म्हणालो. पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसू आवरून सांगितलं ते असं:

अरे बापा, त्या घोडानी चोच तं आबानी कानस लिसन घिसी टाकेल शे. एकदाव भाऊसंगे बांधवरथीन भांडण व्हयनं, अन् हात पिस्तूलवर गया. दुसरे दिन सकाय पासून कानस लिसन बसना. मंग कायम कंबरले लाये, पन उडाले नको म्हने. माले वाटनं तुले म्हाईत शे. तू शोभाकरता लिधं ना?

मी म्हणालो, हो, शोभेसाठीच.

काकू गेल्या. मी रिव्हॉल्व्हर काढलं. घोडा बघितला. अंगठा फिरवला. गुळगुळीत.

दुर्मिळ मॉडेल नाही.

संध्याकाळी
भांडणात उडू नये म्हणून आबांनी कानस घेऊन चोच घासून टाकली, आणि चोचीशिवाय गोळीवर ठोका बसत नाही. ठोका नाही तर बार नाही. म्हणजे गेले चार दिवस मी उसाच्या तोंडाशी एक सागवानी मोर घेऊन बसलोय.

उद्या धनसिंगला सांगायचं. पहिलं काम.

१२ डिसेंबर
सांगितलं नाही. आधी दुरुस्तीचं बघावं. धुळ्याच्या बंदुकीच्या दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, परवानगीशिवाय मी त्याला बोट लावणार नाही, सरळ पोलीस स्टेशनला जा, लिहून द्या, वस्तू जमा करा. लिहून द्यायचं म्हणजे गावभर होणार. वस्तू घेताना घोडा बघितला नाही का, हा प्रश्न तर शेंबडं पोरही विचारेल.

हंगाम संपला की जाईन. ठरलं.

दुसरा मुद्दा असा की बिबट्याला तरी कुठे माहीत आहे चोच घासलेली आहे ते?

१३ डिसेंबर
धनसिंगला सांगायला गेलो होतो. त्याने आधी बसायला पेंढी दिली, मग टोळीला ओरडून सांगितलं, आप्पा आला, चहा टाका. इतक्या मानाने दिलेला चहा पिऊन वाईट बातमी सांगता येत नाही.

१४ डिसेंबर
निदान झोळी तरी लांब जावी. कालीबाईला म्हटलं, बाई, पोरीला उद्यापासून ट्रॅक्टरपाशी बांध. तिचा चेहरा पडला. म्हणाली, रडते म्हणून तुला त्रास होतो का बाबा? उद्यापासून दूध पाजूनच झोपवते, आवाज करणार नाही.

म्हणालो, त्रास कसला, राहू दे.

राहिली.

१५ डिसेंबर
सकारात्मक विचार करायचं ठरवलं. बिबट्या असेलच कशावरून? पंजे जुने असतील. कुत्र्याचे असतील. मोठ्या कुत्र्याचे.

दुपारी धनसिंग सहज बोलला. ऊस तुटत जातो तसं जनावर मागं मागं, उभ्या उसात सरकतं, बाहेर पडत नाही. शेवटचा पट्टा उरला की मग त्याला जागा नसते. त्या दिवशी तुझं काम आहे आप्पा. तोवर झोप काढ.

झोप काढली नाही. आज पहिल्यांदा लक्षात आलं की शेत रोज लहान होतंय.

१६ डिसेंबर
दीपमालाने जेवताना विचारलं, काय झालंय, भाकरी मोडून नुसतेच बसता. काही नाही म्हणालो. ती म्हणाली, कौसाबाई काकूंनी मला त्याच दिवशी सांगितलंय. तुम्ही त्या माणसांना कधी सांगणार?

उद्या, म्हणालो.

ती म्हणाली, उद्या सकाळी तुमच्या आधी कालीबाई येऊन झोळी बांधेल.

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण भाकरी गार होत होती.

१७ डिसेंबर
कारखान्यात गाळप बंद, ट्रॅक्टर आला नाही. सुट्टी. सुटलो.

शेताकडे चक्कर मारली. उभा पट्टा घराच्या वसरीएवढा दिसतो. जवळ गेलो नाही. लांबून मोठ्याने खाकरलो. आतून काही हललं नाही. वारा नव्हता तरी मग थोडं हललं.

१८ डिसेंबर
कारखाना आजही बंद. नवीन प्लॅन. उद्या सकाळीच ताप आल्याचं सांगायचं. आप्पा नाही म्हणजे टोळी थांबेल, तोवर पिंजरा येईल, कोणालाच काही सांगावं लागणार नाही. हे आधी का सुचलं नाही? माझं डोकं संकटातच चालतं.

वनखात्याला परत फोन. उद्या येतो म्हणाले. त्यांचाही उद्या आहे.

१९ डिसेंबर
तापाचं सांगायला म्हणून शेतावर गेलो. झोळी बांधलेली होती. टोळी पट्ट्याला भिडलेली. उघड्या अंगाला तेल लावल्यासारखी सकाळ, गार. खाटेवर बसलो, आता सांगतो, आता सांगतो, म्हणत.

एका बाईने हात वर केला. उसाच्या बुडाशी शेपटी. जवळ होते ते सगळे मागे सरकले, थेट माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. इतकी माणसं माझ्या पाठीशी कधीच उभी नव्हती. धनसिंग कानाशी म्हणाला, वर बार काढ आप्पा, नदीच्या अंगाला निघून जाईल.

हात वर केला. चाप ओढला. टक्. परत ओढला. टक्.

धनसिंगने विचारलं, गोळी भरली नाही का? गोळ्या दमट झाल्यात, हे वाक्य माझ्याकडे अकरा तारखेपासून तयार होतं. पाठ होतं. तेवढ्यात ऊस बाजूला झाला आणि ते बाहेर आलं. वाटलं होतं त्याहून लहान. निंबाकडे बघत होतं. झोळीत रविना पाय मारत होती, झोळी हलत होती, आणि ते हलणाऱ्या झोळीकडे बघत होतं.

मी म्हणालो, धनसिंग, हे उडत नाही. हे उडतच नाही.

धनसिंग त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला. सगळ्यांनी जेवणाचे डबे कोयत्याने बडवले. मी खाटेवरून उठलो, एवढं नक्की. झोळीच्या आणि त्याच्या मधे मी होतो, हेही नक्की, पण तिथे गेलो होतो की तिथेच होतो, ते सांगता येत नाही. आवाज वाढला तसं ते वळलं, बांध उतरलं आणि नदीकडे गेलं.

कालीबाई पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाकडून धावत आली. पोरीला काढून उराशी धरलं. मग माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, तुला माहीत होतं?

हो म्हणालो.

मग ती झोळी सोडायला लागली. झोळीची गाठ घट्ट बसली होती. एका हाताने सुटेना. मी सोडायला पुढे झालो तर तिने दोर कोयत्याने कापला.

२० डिसेंबर
टोळी जाईल वाटलं होतं. गेली नाही. पट्टा उरला होता, तो तोडायला आली. धनसिंगने रामराम केला. तो रोजच करतो, सगळ्यांनाच करतो. चहाला हाक आली नाही.

दीपमालाने पोलीस स्टेशनचा अर्ज लिहून टेबलावर ठेवलाय, सही तेवढी माझी. खाली पेनही ठेवलंय. सही केली. पहिल्या ओळीत माझं नाव आहे, कशासाठी लिहिलंय ते दुसऱ्या ओळीत. वाचली नाही.

दुपारी सवयीने शेतावर गेलो. खाट निंबाखालीच होती. बसलो. झोळी पार तिकडे, ट्रॅक्टरच्या सावलीत बांधलेली. खाली टोळीबरोबर आलेलं एक तांबडं कुत्रं. इतके दिवस मी त्याला बघितलंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत कालीबाईने स्वतःच्या भाकरीतला अर्धा तुकडा त्याला घातला.

पाय खाटेवर घेतले. मला डुलकी लागली. कुत्र्याला नाही.