हिरव्या रंगावरची रेघ

१८ ऑक्टोबर २००१, गुरुवार

शिडीवरून खाली बघितलं की प्रेसवरच्या दिगंबररावांचं टक्कल दिसतं. आज तेल लावून आले होते. म्हणलं, साखळीला लावून उरलेलं माझ्याकडून न्यायचं ना, घरचं कशाला घालवता? म्हणाले, आधी ट्रॉली बघा, मग माणसं बघा.

ट्रॉली, म्हणजे साखळीचा हॉइस्ट जिला टांगतात ती गाडी, बघितली. चारी चाकं छताजवळच्या गर्डरवर नीट फिरतात. बोल्टांवर हातोडी मारली – आवाज घट्ट. अर्ध्या टनाचा डाय, पत्रा दाबायचा साचा, वीतभर उचलून पाच मिनिटं टांगता ठेवला, खाली आला नाही. रजिस्टरात ‘ठीक’ लिहिलं, सही केली.

आमचे हे गेल्यावर त्यांच्या जागी लागले तेव्हा हातात झाडू दिला होता. आता सात वर्षं झाली, मी सही केल्याशिवाय प्रेसखात्यात डाय हलत नाही. गावच्या शाळेतली सातवी पास!

२० ऑक्टोबर

धाकटा साहेब – अवधूत, मालकांचा मुलगा – कंप्युटर शिकून आलाय. म्हणतो, मावशी, रजिस्टर बंद करायचं, कंप्युटरवर वीस प्रश्न, प्रत्येकासमोर बरोबरची खूण. विचारलं, शिडीवर कोण चढणार, कंप्युटर? हसला. पोरगा चांगला आहे. फक्त घाई फार.

२४ ऑक्टोबर

उद्या खंडेनवमी. रंगाऱ्याने यंदा दिसेल ते हिरवं केलं – प्रेस, हॉइस्ट, ट्रॉली, ट्रॉलीची चाकंसुद्धा! मी थांबले असते तर मलाही एक हात मारला असता. चाकांवरचा आणि गर्डरच्या कडेवरचा रंग रॉकेलने पुसत बसले. स्वारगेटची बस गेली, पुढची मिळाली, उभ्याने.

२५ ऑक्टोबर, खंडेनवमी

यंत्रांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. ट्रॉलीला माळ घालू दिली नाही, दोरा चाकात अडकतो. दिगंबरराव सगळ्यांसमोर म्हणाले, द्वारकाबाई देवालाही नियम लावतात. मी म्हणलं, देवाला नाही, तुम्हाला. दोन पेढे खाल्ले, तिसरा रुमालात बांधला.

२७ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळी डाय टांगला आणि ट्रॉलीच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर, चाकाच्या वर, नव्या रंगाला एक रेघ दिसली. केसाएवढी. साहेब म्हणाला, रंग जाड बसलाय, तडकला असेल. असेलही. मी रेघेवर बोटाने रंग भरला, दुपारपर्यंत वाळू दिला. परत डाय टांगला. तिथेच, तशीच रेघ!

रंग वाळून तडकतो तेव्हा जाळी पडते. ही सरळ होती. मी हॉइस्टला लाल फडकं बांधलं आणि रजिस्टरात ‘बंद’ लिहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

२९ ऑक्टोबर, सोमवार

आज खूप बोलणी खाल्ली. गाडीच्या कंपनीचा माल बुधवारी जायचाय. हॉइस्ट नाही म्हणजे डाय बदलायला आठ माणसं, पहारी आणि खाली लोखंडी पाइप. एरवी वीस मिनिटांचं काम, आज अडीच तास लागले. साहेबाने केबिनमध्ये बोलावलं. आधी गोड बोलला, मग कडक. शेवटी म्हणाला, "मावशी, तुम्ही सही करत नसाल तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

माझं तोंड काही गप्प बसेना. "बघा की. त्यालाच डायखाली उभं करा."

खाली रोज उभे असतात दिगंबरराव. डाय खाली येताना हाताने वळवून जागेवर बसवतात. तेच आज कंबर धरून माझ्यावर चिडले होते. तुमच्या एका रेघेपायी आमची हाडं मोडली म्हणाले. मी म्हणलं, हाडं दुखतायत म्हणजे जागेवर आहेत.

घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. नोकरी गेली तर काय करायचं?

३० ऑक्टोबर

फडकं कोणीतरी सोडलं होतं. परत बांधलं. दोन गाठी.

१ नोव्हेंबर, गुरुवार

मोठ्या मालकांनीच तपासणीवाला बोलावला. त्याने पट्टी काढली, रंग खरवडला, लाल पाणी लावलं, पुसलं, वर पांढरी पूड फवारली. सगळे डोकी घालून बघत होते. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली – बोटभर लांब! तो म्हणाला, ही पट्टी अजून आठवडाभरसुद्धा टिकली नसती.

मी साहेबाला म्हणलं, कंप्युटरला सांगा, एकविसावा प्रश्न घाल.

मधल्या सुट्टीत दिगंबररावांच्या डब्यातली वांग्याची भाजी माझ्या झाकणात आली. मीठ कमी होतं. तसं सांगितलंही.

२ नोव्हेंबर

सत्कार! शाल, नारळ, टाळ्या. मालक म्हणाले, या बाईने माणूस वाचवला. शाल माझ्यापेक्षा लांब आहे, बसमध्ये शेजारणीच्या मांडीवरही पसरली. आज झोप चांगली लागणार.

३ नोव्हेंबर, शनिवार

तपासणीवाल्याने पट्टी वाइसच्या जबड्यात धरून तोडली. तुटलेल्या तोंडावर थोडंच लोखंड आत्ता तुटलेलं, चकचकीत. बाकी सगळ्यावर निळा रंग चढलेला. निळा रंग मागच्या दसऱ्याचा, तेव्हाच फटीत शिरलेला. म्हणजे फट वर्षभर होती आणि वर्षभर मी ‘ठीक’ लिहीत होते.

साहेब हळूच म्हणाला, "राहू द्या मावशी, कोणाला कळणार नाही."

मी तुकडा उचलला, दिगंबररावांकडे गेले, त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो बराच वेळ उलटसुलट केला. मी चिडवलं नाही.