धाकूआजोबांची कूस

प्रिय मिनल,

तू फोन उचलत नाहीस, बॅचच्या ग्रुपमधूनही निघून गेलीस. म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच कुणाला हाताने पत्र लिहितेय. माझ्यासोबत कामाला असलेली रसिका तुमच्या राई गावातच राहते, तिच्याकडे देईन. मासळीच्या हातांनी उघडू नकोस, एवढंच. आपल्या कोर्सचे नीरज सर सांगत होते, सोमवारच्या फेरपरीक्षेला तू येणार नाहीस. आईशेजारी मासळीबाजारात बसलेलं बरं, असं म्हणालीस म्हणे.

खरं सांगू, ऐकून आधी वाटलं, सुटलीस. रुग्णसेविकेचा कोर्स फुकट, वर नोकरीची हमी, म्हणून आपण केवढ्या हौसेने नाव घातलं होतं! हमी खरी निघाली, पण नोकरी कसली, ते आपण कुणीच विचारलं नव्हतं. बारा तासांची ड्युटी, पाय सुजतात. सफाईवाली आली नाही की फरशीही आमचीच. सर अधूनमधून येतात, हॉस्पिटलच्या पाटीखाली युनिफॉर्ममधला माझा फोटो काढतात आणि वर कुठेतरी पाठवतात. जरा हस, म्हणतात. मी हसते. मग घोडबंदरच्या बसमध्ये उभ्याउभ्याच डोळा लागतो.

परवा सर्टिफिकेटची दुसरी प्रत आणायला सेंटरवर गेले होते. आपले धाकूआजोबा अजून त्याच खाटेवर पडलेत, एका डोळ्याचा रंग पार उडालाय. त्या सरावाच्या प्लॅस्टिकच्या माणसाला तू तुझ्या आजाचं नाव दिलंस, हे नव्या पोरींना माहीतही नाही. आम्ही बाकीच्या त्यांना गोणीसारखं पलटायचो. तू मात्र आधी कानाशी वाकायचीस, "आजा, मी हाय ना, भिऊ नको. आता कूस बदलते हां." परीक्षेतही तेच! परीक्षकबाई घड्याळ धरून उभ्या आणि तू आजोबांना विचारतेयस, उशी बरी लागली का. वेळ संपली. बाहुलीशी गप्पा मारायला आलीस का, असं बाई म्हणाल्या तेव्हा सगळ्या हसल्या, मीही हसले. तू नापास झालीस, तरी आजोबांच्या अंगावर चादर घालूनच बाहेर पडलीस.

माझा पहिला नंबर आला होता. वॉर्डातही माझंच नाव घेतात. कूस बदलणं, चादर बदलणं, सगळं झटपट. पेशंटशी बोलायला वेळ नसतो, आणि वेळ मिळाला तरी तोंडातून शब्द निघत नाही. दमलेय गं मी.

आता मुद्द्याचं लिहिते. गणपतीनंतर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू पूर्ण गेली. घरात शिकलेली मी, त्यामुळे सगळे निर्धास्त. ड्युटीवरून आले की पिशवी ठेवते आणि त्यांना कुशीवर वळवते, वॉर्डातल्यासारखंच. काल त्यांनी उजव्या हाताने खाटेची कड घट्ट धरली, सोडेचनात. मी चिडले. बोलणं अडखळतं त्यांचं, तरी कसंबसं म्हणाले, "सांगून तरी कर गं." मिनल, मी मोरीत जाऊन रडले. परत येऊन त्यांच्या कानाशी वाकले, तर काय बोलायचं तेच सुचेना. माझ्याच बापाशी! सोमवारी परीक्षेला जा. सर्टिफिकेटशिवाय तुला वॉर्डात कुणी उभं करणार नाही, आणि वॉर्डात तूच हवीस. बाईंनी परत घड्याळ दाखवलं तर दाखवू दे, तू आजोबांशी बोल. पण त्याआधी रविवारी आमच्याकडे ये, मला सुट्टी आहे. बाबांजवळ बस, त्यांची कूस बदल. मी बाजूला उभी राहून ऐकेन. तू येणार आहेस, हे मी त्यांना सांगून ठेवलंय.

वाट बघतेय.
तुझीच,
स्वाती