उजव्या बाजूचा लॉकनट

९ नोव्हेंबर, रविवार
छोट्या विमानाच्या शेपटीवरचे रिवेट आज संपले. किती टाकले ते मोजलं नाही. मोजले असते तर आमची सौ. मंगल म्हणाली असती, तेवढ्या वेळात घराला दोन हात रंगाचे झाले असते. पांढऱ्या गोंदाचा थेंब, इंजेक्शनची बोथट सुई, पट्टी लावून एकेक. वाळला की हुबेहूब. पस्तीस वर्षं ओझरच्या कारखान्यात खऱ्या विमानांना रिवेट मारले, आता गोंदाचे मारतोय. प्रगती आहे.

संध्याकाळी अण्णा आला. स्कूटर फाटकाला घासूनच लावली. शेपटीवरून बोटं फिरवली, "झकास" म्हणाला. एका ओळीत दोन थेंब चांगलेच पसरलेत. थोरला भाऊ म्हणून जन्मभर माझ्या कामात खोड काढत आलेला माणूस, आणि आज झकास. खूश व्हायला हवं होतं मी.

१६ नोव्हेंबर, रविवार
अंगणात विमानाचं छोटं टर्बाइन इंजिन चालवून बघितलं. पहिल्या झटक्यात पेटलं. ती बारीक शिट्टी चढत गेली आणि रॉकेलचा तो वास आला. शेजारच्या काकूंनी खिडकी आपटली.

अण्णा छोट्या पडद्यासमोर बसला होता. मलाच विचारतो, "टेम्परेचर किती रे?"
"तुझ्या पुढ्यात आहे की."
"चष्मा विसरलो."
चष्मा कपाळावर होता.

काम मी केलं, तपासलं अण्णानं, रजिस्टरमध्ये सही त्याची. कारखान्यातला नियम घरीही तोच. ज्यानं केलं त्यानं तपासायचं नाही, आणि तपासणाऱ्याची सही झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. मी फिटर, तो इन्स्पेक्शनचा. रिमोटचा ट्रान्समीटर हातात घेऊन उडवणार तोच. मला उडवता येत नाही, एकदा शिकायला गेलो तर त्याचं लाकडी विमान बाभळीत घातलं होतं.

२२ नोव्हेंबर, शनि.
वहिनींचा फोन. अण्णा आंघोळीला गेला होता तेवढ्यात केला.
"भावजी, ताटात डावीकडची चटणी खातच नाहीत हो. म्हटलं नावडती झाली. तर त्यांना दिसतच नाही ती. परवा दाराची चौकट लागली कपाळाला. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. तुम्ही बोला ना."
बोलतो म्हणालो.

विमान चौदा किलोचं. पोटात तीन लिटर रॉकेल. एखाद्या माळाच्या या टोकापासून त्या टोकाला जायला चार सेकंद लागतात. उडवणाऱ्यानं एकदा उलटं-सुलटं ओळखण्यात चूक केली तर संपलं. खाली कोण असेल ते त्याचं नशीब.
त्याला उडवू द्यायचं का, हे आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय.

२९ नोव्हेंबर, शनि.
नीच काम केलं.

कारखान्यात आमचे पिल्ले साहेब नव्या इन्स्पेक्टरची परीक्षा घ्यायचे. तयार कामात मुद्दाम एक खोट ठेवायची, तपासायला द्यायचं, आणि लांब उभं राहून बघायचं. पोरं रडकुंडीला यायची. अण्णा एकदाही फसला नाही. उलट साहेबांना माहीत नसलेली खोट काढून दाखवायचा.

आज मी तेच त्याच्याशी केलं. पोटाच्या झाकणाला सहा स्क्रू, पाचच लावले. अण्णानं बॅटरी मारली, मान डोलावली, सही केली. चहा मागितला.
तो गेल्यावर सहावा स्क्रू लावला.

६ डिसेंबर, शनि. (दु. घाईत)
एका स्क्रूवरून काही सिद्ध होत नाही, कधी कधी चुकतो माणूस, असं आठवडाभर स्वतःला सांगत होतो. म्हणून आज शेवटचं बघायचं ठरवलं. शेपटीचा आडवा पंख हलवून नाक वर-खाली करणारी दांडी असते, दोन्ही बाजूंना एकेक. तिच्या बोल्टला मागून लॉकनट, बोल्ट निसटू नये म्हणून. उजव्या बाजूचा काढून ठेवला. अण्णा एरवी सगळ्यांत आधी जिथं बघेल ती जागा. तिथं नट नाही हे त्याला दिसलं नाही तर त्याला काहीच दिसत नाही.

स. ११. अण्णानं बघितलं. सही केली.

सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. सिन्नरचे काका गेले. तसेच निघालो दोघं. स्कूटर मी चालवली, तो मागे बसला. एरवी मला हात लावू देत नाही.

९ डिसेंबर
सिन्नर. सुतक. सतरंजीवर बसून राहायचं आणि येणाऱ्याला तेच तेच सांगायचं. काका ब्याण्णव, तरी रडू आलं. आम्हाला पतंगाची कामटी तासायला त्यांनीच शिकवलं. दोघांना एकाच चाकूनं.

१५ डिसेंबर
दहावा. नदीवर पायरी उतरताना अण्णाचा पाय हुकला. मी धरलं. "शेवाळ आहे," म्हणाला. पायरी कोरडी ठणठणीत होती.

२१ डिसेंबर, रविवार
तेरावं उरकून नाशिकला. पंधरा दिवसांनी हत्यारांना हात लावला, बरं वाटलं. रजिस्टर उघडलं, शेपटीच्या सगळ्या ओळींवर अण्णाच्या सह्या. झाकण बसवलं, फट भरली, त्यावर रंगाचा हात. धुराचे डाग काळ्या खडूच्या भुकटीने, नळकांड्याच्या मागे जरा जास्त. खरंच वापरलेलं वाटतंय. मंगल म्हणाली, "नव्या वस्तूला मळकं करायला इतके दिवस?"
आता राहिलं फक्त ते बोलणं.

२७ डिसेंबर, शनि.
बोललो. वाईट बोललो. म्हणालो, पहिली फेरी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबमधल्या कुणाला तरी मारू दे, तू पुढची मार.
"का?"
"थंडी आहे, हात गारठतात."
"माझे?"
नंतर हळू आवाजात, "वसंता, एवढं एक उडवतो. मग ट्रान्समीटर कपाटात. परत मागणार नाही."
म्हणजे त्याला माहीत आहे. किती माहीत आहे ते मला माहीत नाही. मी हो म्हणालो. एकच फेरी, आणि मी शेजारी उभा राहून सांगत राहीन, वर आहे, डावीकडे वळतंय, नाक खाली. स्पॉटर सगळेच ठेवतात, त्यात काही कमीपणा नाही. अण्णा हसला. लहानपणी मांजा माझ्या हातात द्यायचा तेव्हा असा हसायचा.

४ जानेवारी, रविवार
सिन्नरच्या पुढं, एमआयडीसीचा अर्धवट सोडलेला डांबरी रस्ता. वाहतूक नाही. स. ९, वारा नाही, ऊन कोवळं. आम्ही दोघंच, आणि लांब एक बाई शेळ्या घेऊन.

उठलं. इतकं सुंदर उठलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाकं आत गेली. पहिला वळसा. मी सांगत होतो, तो करत होता, जणू दोघांचा मिळून एकच माणूस. दुसऱ्या वळशाला समोरून आलं, आणि नाक खाली गेलं. मी ओरडलो, ओढ! तसंच खाली आलं. शेळ्यांच्या बाजूला.

बाई झटकन जमिनीवर आडवी झाली. विमान तिच्यापलीकडे वीसेक पावलांवर आपटलं, भडका उडाला. गवत पेटलं. मी पळालो, पोत्यानं विझवलं. एक शेळी भाजली होती, ती तिथंच मेली. बाईला खरचटलं पण नव्हतं, ती बसून राहिली होती. पाणी दिलं तर गिळेना. मग एवढंच म्हणाली, "माझं पोरगं आज साळंला सुट्टी म्हणून संगं येनार व्हतं. मीच नको म्हनले."

अण्णा जागचा हलला नव्हता. ट्रान्समीटर गळ्यात. "मला उलटं दिसलं," म्हणाला. "उलटं दिसलं रे मला."

५ जानेवारी
शेळीवाल्या बाईकडे जाऊन आलो. तिचा नवरा दारात उभा राहिला, आत या म्हणाला नाही. बरोबर आहे त्याचं.

६ जानेवारी, मंगळ.
अवशेष अंगणात चादरीवर मांडले. अपघात झाला की तुकडे मांडायचे, ही सवयच. फायबर जळून कोळसा, टर्बाइन वाकलेलं. शेपटी मात्र तुटून लांब पडली होती, ती धड आहे. माझे रिवेट सगळे जागेवर.

उजव्या पंखाची दांडी लोंबतेय. बोल्ट नाही. डावीकडे बोल्ट आहे, नट आहे.

दहा मिनिटं समजेना. मग समजलं. हत्यारांच्या पेटीत वरच्या कप्प्यात बाटलीच्या झाकणात नट ठेवला होता मी. अजून आहे तिथं.

मीच काढला. त्याला दिसत नाही हे मीच बघितलं. आणि पंधरा दिवसांनी त्याच्याच सहीवर विसंबून मी झाकण लावलं. ती सही आंधळी आहे हे जगात मला एकट्याला माहीत होतं. तरी सही दिसली आणि हात आपोआप पुढं गेला. पस्तीस वर्षांत सही दिसली की परत बघायचं नसतं, दुसऱ्याच्या तपासणीवर शंका घेणं म्हणजे अपमान. शंका घेऊन बसलेलाच मी होतो, आणि तेवढ्या एका क्षणी मला त्याचा अपमान करायचा नव्हता.

आणि आणखी एक. नाक खाली गेलं तेव्हा मी त्याच्या हाताकडे बघितलं होतं. अंगठा पूर्ण मागं ओढलेला होता. मी ओढ म्हणायच्या आधीच. त्याला उलटं बिलटं काही दिसलं नव्हतं. त्यानं अचूक केलं होतं.

११ जानेवारी, रविवार
वहिनी आल्या, पेढे घेऊन. मला कळेना कशाचे. अण्णा आपणहून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. काचबिंदू. गेलं ते परत येत नाही, आहे ते थेंबांनी टिकेल. स्कूटरची किल्ली त्यानं स्वतः वहिनींच्या हातात दिली.
"त्या विमानानं डोळे उघडले हो भावजी. नाहीतर एक दिवस ट्रकखाली जायचे."
हात जोडले त्यांनी मला.

१८ जानेवारी, रविवार
मंगलला सगळं सांगितलं. भाजी निवडत ऐकत होती. रागावेल वाटलं, रागावली नाही. म्हणाली, "सांगितलंत तर मोठे भावजी परत उडवतील. नाही सांगितलंत तर तुम्ही असेच जेवण टाकून उठाल. काय करायचं ते करा, पण त्या बाईचं तोंड आठवून करा."
रात्रंदिवस तेच तर आठवतंय.

२१ जानेवारी
वहिनींचा परत फोन. थेंब वेळेवर घालतात, पण बोलत नाहीत, खिडकीत बसून असतात. जुनी विमानं क्लबला देऊन टाकली. कुणीतरी आपल्या नातवाच्या खेळण्यातल्या विमानाविषयी काही विचारलं तर म्हणाले, "मला काय विचारता, मला काही येत नाही."
अण्णा. ज्याला पिल्ले साहेब सर म्हणायचे.

२५ जानेवारी, रविवार
अण्णाकडे, पंचवटीत. दाढी वाढलीय. मी आल्याचं आवाजावरून ओळखलं, मग मान बरीच वळवून मला शोधलं. इकडचं तिकडचं बोललो. सिन्नरच्या काकूंची तब्येत, कांद्याचा भाव. मग एकदम,
"वसंता, तू शेजारी होतास. माझा अंगठा कुठं होता?"

वहिनी थेंबांची बाटली घेऊन दारात उभ्या. त्यांना नटचं काही माहीत नाही, पण अण्णाला पुन्हा उभारी आली की तो काय मागेल हे पक्कं माहीत आहे. माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

पूर्ण मागं होता, अण्णा. एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. मग त्यानं विचारलं असतं, तर विमान खाली का आलं? त्यापुढचं सगळं सांगावं लागलं असतं. पाच स्क्रू, नट, मी तुझी परीक्षा घेतली, तू नापास झालास, आणि माणूस मरता मरता राहिला तो माझ्यामुळे.

म्हणालो, "मी विमानाकडे बघत होतो. हाताकडे लक्ष नव्हतं."

अण्णानं माझा हात चाचपून शोधला आणि थोपटला. "असू दे. माझं चुकलं ते झाकायला खोटं बोलतोयस, कळतं मला. लहानपणापासून असाच आहेस."

जिना उतरलो. अर्ध्यातून परत वर गेलो. दार लागलं होतं, बेल वाजवली नाही.
उद्या स. १० ला वहिनी भाजीला जातात, तो एकटा असतो. तेव्हा जायचं. जमलं तर.